आलॉइस अल्झायमर

आलॉइस अल्झायमर (१४ जून १८६४, मार्क्टब्राइट, बव्हेरिया – १९ डिसेंबर १९१५, ब्रेस्लाउ) हे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूविकृतिशास्त्रज्ञ होते. स्मृती, भाषा आणि स्थळकाळाचे भान हळूहळू नाहीसे करणाऱ्या एका आजाराची रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि त्याच रुग्णाच्या मेंदूत मृत्यूनंतर आढळलेले बदल यांची सांगड त्यांनी १९०६ मध्ये घातली. पुढे हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. वृद्धापकाळी येणारा विसराळूपणा हा वयाचा स्वाभाविक परिणाम आहे की मेंदूचा रोग, या प्रश्नाची आधुनिक चर्चा बऱ्याच अंशी त्यांच्या संशोधनापासून सुरू होते. स्वतः अल्झायमर मात्र आपल्याला एक नवा रोग सापडला आहे, असे ठामपणे म्हणावयास अखेरपर्यंत तयार नव्हते.

जन्म आणि शिक्षण

अल्झायमर यांचा जन्म माइन नदीच्या काठी वसलेल्या मार्क्टब्राइट या लहान गावात एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे वडील एडुआर्ड अल्झायमर हे नोटरी होते. एडुआर्ड यांची पहिली पत्नी प्रसूतिज्वराने वारल्यावर त्यांनी तिच्या धाकट्या बहिणीशी, थेरेसिया यांच्याशी विवाह केला. आलॉइस हे या दुसऱ्या विवाहातील पहिले अपत्य होय. प्राथमिक शिक्षण गावी पूर्ण झाल्यानंतर ते आशाफेनबुर्ग येथील माध्यमिक विद्यालयात दाखल झाले. निसर्गविज्ञानाकडे त्यांचा ओढा विद्यार्थिदशेपासूनच होता.

१८८३ मध्ये त्यांनी बर्लिन येथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. पुढील शिक्षण मुख्यतः व्यूर्त्सबुर्ग येथे झाले. मधला काही काळ त्यांनी ट्यूबिंगेन येथेही घालविला. व्यूर्त्सबुर्ग येथे ते एका विद्यार्थी संघटनेचे सभासद होते. तत्कालीन जर्मन विद्यापीठांत रूढ असलेल्या तलवारबाजीतील एका द्वंद्वात त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस जखम झाली. तिचा व्रण आयुष्यभर राहिला. त्यांच्या उपलब्ध छायाचित्रांत बहुधा चेहऱ्याची उजवी बाजूच पुढे असलेली दिसते.

१८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी हा होता. हे काम प्रसिद्ध ऊतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्या प्रयोगशाळेत झाले. विषय मेंदूशी संबंधित नसला, तरी ऊतींचे पातळ छेद घेणे, ते रंगविणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे तपशील अचूक रेखाटणे हे कौशल्य त्यांनी येथेच आत्मसात केले. पुढील सर्व संशोधनाचा पाया तेच ठरले.

फ्रांकफुर्ट येथील कारकीर्द

डिसेंबर १८८८ मध्ये अल्झायमर फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्ण व अपस्मारग्रस्तांच्या नगरपालिका रुग्णालयात रुजू झाले. मुलांसाठी लिहिलेल्या 'श्ट्रुव्वेलपेटर' या पुस्तकाचे लेखक म्हणून ख्याती पावलेले डॉक्टर हाइनरिश हॉफमन हे या रुग्णालयाचे पूर्वीचे संचालक होते. अल्झायमर आले तेव्हा त्यांच्या जागी एमिल सिओली यांची नुकतीच नेमणूक झाली होती. रुग्णांना बांधून न ठेवता त्यांना शक्य तितकी मोकळीक द्यावी आणि क्षुब्ध रुग्णांना कोमट पाण्यात दीर्घकाळ बसवून शांत करावे, अशा पद्धतीचा सिओली यांनी अवलंब केला. अल्झायमर त्यांचे प्रमुख सहकारी झाले. रुग्णाशी निवांतपणे बोलणे, त्याला तेच प्रश्न ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणे आणि मिळालेली उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवणे ही त्यांची सवय येथेच जडली.

१८८९ मध्ये फ्रान्झ निस्ल हे तरुण वैद्य या रुग्णालयात आले. चेतापेशींचा अंतर्भाग स्पष्ट दाखविणारी रंजनपद्धती निस्ल यांनी विद्यार्थिदशेतच शोधून काढली होती. दिवसा वॉर्डात रुग्ण तपासावेत आणि सायंकाळी सूक्ष्मदर्शकासमोर बसून मृत रुग्णांच्या मेंदूंचे छेद पाहावेत, असा दोघांचा क्रम ठरून गेला. ही मैत्री आणि सहकार्य अल्झायमर यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. मेंदूच्या बाह्यकाच्या ऊतिविकृतीवरील संशोधनाची जी ग्रंथमाला दोघांनी संपादित केली, तिचे खंड १९०४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

या काळात अल्झायमर यांनी रोहिण्यांच्या काठिण्यामुळे होणारा मेंदूचा ऱ्हास, अपस्मार आणि उपदंशाच्या उत्तरावस्थेत उद्भवणारा मेंदूचा विकार यांचा अभ्यास केला. त्या काळच्या मनोरुग्णालयांत या शेवटच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. वार्धक्यातील बुद्धिभ्रंश हा रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळेच होतो, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. रक्तवाहिन्यांमुळे होणारे बदल कोणते आणि स्वतः चेतापेशींत घडणारे बदल कोणते, हा भेद पाहण्याची दृष्टी अल्झायमर यांना या वर्षांतील कामातून मिळाली.

कौटुंबिक जीवन

१८९०च्या दशकाच्या मध्यास अल्झायमर यांचा विवाह सेसिली गाइझेनहायमर यांच्याशी झाला. सेसिली या मूळच्या ज्यू कुटुंबातील असून एका धनाढ्य हिरेव्यापाऱ्याच्या विधवा होत्या. या दांपत्यास गर्ट्रूड, हान्स आणि मारिया अशी तीन अपत्ये झाली. पत्नीच्या संपत्तीमुळे अल्झायमर आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र झाले आणि पुढील काळात काही वर्षे विनावेतन संशोधन करणे त्यांना शक्य झाले. हा संसार मात्र अल्पकाळाचा ठरला. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा अगदी लहान होती. अल्झायमर यांच्या अविवाहित भगिनी एलिझाबेथ यांनी घर आणि मुले सांभाळली. अल्झायमर यांनी पुन्हा विवाह केला नाही. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी स्वतःला कामात अधिकच गुंतवून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस आउगुस्टे डेटर ही रुग्णा त्यांच्यासमोर आली.

आउगुस्टे डेटर

आउगुस्टे डेटर या रेल्वेतील एका कारकुनाच्या पत्नी होत्या. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांना फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षे होते. त्याआधीच्या काही महिन्यांत त्या पतीवर विनाकारण संशय घेऊ लागल्या होत्या. स्वयंपाकात चुका होत, वस्तू भलत्याच ठिकाणी लपविल्या जात आणि मग त्या सापडत नसत. त्या घरातल्या घरात उद्देशहीन फेऱ्या मारीत राहत.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर यांनी त्यांची सविस्तर तपासणी केली. आउगुस्टे यांना स्वतःचे नाव सांगता आले, परंतु पतीचे नाव विचारता त्यांनी पुन्हा स्वतःचेच नाव सांगितले. पेन्सिल, किल्ली, पैशांचे पाकीट, चिरूट अशा वस्तू दाखविल्यावर त्यांनी त्या बरोबर ओळखल्या. थोड्याच वेळाने कोणत्या वस्तू दाखविल्या होत्या असे विचारले असता मात्र त्यांना काहीही आठवेना. दुपारच्या जेवणात त्या फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होत्या. काय खात आहात, असे विचारल्यावर त्यांनी पालक असे उत्तर दिले. नाव लिहावयास सांगितले, तेव्हा 'श्रीमती' या अर्थाचा पहिला शब्द लिहून त्या थांबल्या, कारण पुढे काय लिहावयाचे हेच त्या विसरल्या होत्या. प्रत्येक शब्द त्यांना नव्याने सांगावा लागला. या दोषास अल्झायमर यांनी विस्मृतिजन्य लेखनविकार असे नाव दिले. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा आशयाचे उद्गार आउगुस्टे वारंवार काढीत. त्यांच्या हस्ताक्षराचे नमुने आणि छायाचित्रे रुग्णपत्रिकेस जोडण्यात आली.

या नोंदींचे वैशिष्ट्य असे की, रुग्णेचे कोणते सामर्थ्य शिल्लक आहे आणि कोणते नाहीसे झाले आहे, हे त्यांतून वेगवेगळे दिसते. वस्तू ओळखण्याची आणि तिला नाव देण्याची क्षमता त्या वेळी बरीचशी टिकून होती. वस्तू आणि ती दाखविल्याची घटना, व्यक्ती आणि तिचे नाव, घास आणि त्या घासाचा पदार्थ यांना जोडणारे दुवे मात्र तुटले होते. दोन गोष्टींचा परस्परसंबंध लक्षात ठेवण्याच्या या क्षमतेस मानसशास्त्रात साहचर्य स्मृती असे म्हणतात.

अल्झायमर यांनी थोड्याच काळात फ्रांकफुर्ट सोडले, परंतु या रुग्णेच्या प्रकृतीची चौकशी त्यांनी चालूच ठेवली. आउगुस्टे यांची अवस्था उत्तरोत्तर खालावत गेली. अखेरच्या काळात त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचे बोलणे जवळजवळ बंद झाले. शय्याव्रणांतून पसरलेल्या जंतुसंसर्गाने ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

म्युनिक येथील प्रयोगशाळा

एमिल क्रेपेलिन हे तत्कालीन जर्मन मानसोपचारशास्त्रातील सर्वांत प्रभावी अध्यापक होते. त्यांच्या निमंत्रणावरून अल्झायमर प्रथम हायडेलबर्ग येथे गेले. १९०३ मध्ये ते क्रेपेलिन यांच्यासह म्युनिक येथील नव्या मानसोपचार चिकित्सालयात दाखल झाले. १९०४ मध्ये उपदंशजन्य मेंदूविकाराच्या ऊतिविकृतीवरील प्रबंधामुळे त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार प्राप्त झाला. चिकित्सालयातील शरीररचनाविषयक प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे होती.

ही प्रयोगशाळा अल्पावधीतच आंतरराष्ट्रीय ख्यातीची झाली. इटलीचे उगो चेर्लेत्ती व गाएतानो पेरुसिनी, जर्मनीचे हान्स गेर्हार्ड क्रॉइट्सफेल्ट, आल्फोन्स याकोब व फ्रीडरिश लेवी आणि अमेरिकेतील आरंभीच्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञांपैकी एक असलेले सॉलोमन कार्टर फुलर यांनी तेथे काम केले. यांपैकी क्रॉइट्सफेल्ट, याकोब आणि लेवी यांची नावेही पुढे मेंदूच्या विकारांशी जोडली गेली. अल्झायमर प्रत्येक विद्यार्थ्याशेजारी बसून त्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि दिसणारे बदल समजावून सांगत. बोलता बोलता ते हातातील चिरूट टेबलावर ठेवीत आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे जाऊन नवा पेटवीत. त्यामुळे दिवसअखेर प्रत्येक टेबलावर एक अर्धवट चिरूट राहिलेला असे, अशी आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांत प्रचलित होती.

१९०६ मधील शोध

आउगुस्टे डेटर यांच्या मृत्यूनंतर सिओली यांनी त्यांची रुग्णपत्रिका आणि मेंदू म्युनिक येथे पाठविला. मेंदूचा सर्वत्र ऱ्हास झाला होता. मॅक्स बील्शोव्स्की यांनी विकसित केलेली चांदीच्या क्षारांची रंजनपद्धती तेव्हा नवीन होती. तिचा उपयोग करून अल्झायमर यांनी मेंदूच्या बाह्यकाचे छेद तपासले. त्यांत त्यांना दोन प्रकारचे बदल दिसले. पहिला बदल चेतापेशींच्या आत होता. पेशीतील सूक्ष्म तंतू जाड होऊन एकत्र गुंफले गेले होते, आणि कित्येक ठिकाणी पेशी नष्ट होऊन केवळ तंतूंचा गुंता मागे उरला होता. बाह्यकातील सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश पेशींत असे गुंते आढळले. दुसरा बदल पेशींच्या बाहेर होता. एका वेगळ्याच पदार्थाच्या बारीक चकत्या बाह्यकभर विखुरलेल्या होत्या.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे नैर्ऋत्य जर्मनीतील मानसोपचारतज्ज्ञांच्या ३७व्या सभेत अल्झायमर यांनी हे निष्कर्ष मांडले. सभेचे अध्यक्ष आल्फ्रेड होखे होते. व्याख्यानानंतर एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही आणि सभा पुढील विषयाकडे वळली. १९०७ मध्ये हे व्याख्यान अवघ्या काही पानांच्या लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

चकत्या यापूर्वीही दिसल्या होत्या. १८९२ मध्ये पॉल ब्लॉक आणि गिओर्गे मारिनेस्कू यांनी अपस्माराच्या एका वृद्ध रुग्णाच्या मेंदूत त्यांची नोंद केली होती. १९०७ मध्येच प्राग येथील ओस्कर फिशर यांनी वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या १६ रुग्णांपैकी १२ जणांच्या मेंदूंत चकत्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. तंतूंच्या गुंत्यांचे वर्णन आणि ते गुंते, चकत्या व तुलनेने कमी वयातील स्मृतिभ्रंश या तिन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकत्र दाखविणे हे अल्झायमर यांचे योगदान होय. फिशर यांचे नाव पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेले. ज्यू असलेल्या फिशर यांचा १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत टेरेझीन येथे अंत झाला.

आजाराचे नामकरण आणि वाद

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या मानसोपचारशास्त्रावरील पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या विकारास अल्झायमरचा आजार असे नाव दिले. त्या वेळी असे मोजकेच रुग्ण ज्ञात होते, आणि या आजाराचा निश्चित अर्थ अद्याप स्पष्ट नाही, असे क्रेपेलिन यांनीही मान्य केले होते. इतक्या अल्प पुराव्यावर त्यांनी नामकरण का केले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. प्राग येथील संशोधकांशी असलेली स्पर्धा आणि मानसिक विकारांची मुळे मेंदूतच असतात हे मत प्रस्थापित करण्याची इच्छा, अशी कारणे सुचविली जातात. कमी वयात आणि तीव्र स्वरूपात उद्भवणारा हा आजार क्रेपेलिन यांना खरोखरच वेगळा वाटला असावा, असेही काही अभ्यासक मानतात.

अल्झायमर यांची भूमिका अधिक सावध होती. १९११ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. म्युनिक येथे दाखल झालेल्या या ५६ वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूत चकत्या विपुल होत्या, परंतु तंतूंचे गुंते आढळले नाहीत. असे रुग्ण म्हणजे एखादा स्वतंत्र रोग नसून वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचेच वेळेपूर्वी आलेले, अनियमित रूप असावे, असा निष्कर्ष त्यांनी या लेखात काढला. प्रचलित वापरात मात्र क्रेपेलिन यांची विभागणीच रूढ झाली. ६५ वर्षांपूर्वी उद्भवणारा तो अल्झायमरचा दुर्मीळ आजार आणि त्यानंतरचा तो म्हातारपणाचा परिणाम, असा भेद पुढील अर्धशतकाहून अधिक काळ पाळला गेला. परिणामी स्मृतिभ्रंश झालेल्या असंख्य वृद्धांकडे रुग्ण म्हणून पाहिले गेले नाही.

अखेरची वर्षे

१९१२ मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठात मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील चिकित्सालयाचे संचालक म्हणून अल्झायमर यांची नियुक्ती झाली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने नियुक्तिपत्रावर स्वाक्षरी केली. हे शहर आज व्रोत्सवाफ या नावाने पोलंडमध्ये आहे. ब्रेस्लाउकडे जाताना रेल्वेप्रवासातच ते आजारी पडले. घशाच्या संसर्गाचा परिणाम हृदयावर झाला आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत. तरीही अध्यापन, रुग्णसेवा आणि नव्या नियतकालिकाचे संपादन ही कामे त्यांनी चालू ठेवली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर चिकित्सालयावरील भार वाढला आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसण्यास त्यांना फारसा वेळ मिळेनासा झाला.

१९ डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५१व्या वर्षी ब्रेस्लाउ येथे त्यांचे निधन झाले. आउगुस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांचेही वय इतकेच होते. अल्झायमर यांचा दफनविधी फ्रांकफुर्ट येथील मुख्य दफनभूमीत पत्नी सेसिली यांच्या शेजारी झाला. ज्येष्ठ कन्या गर्ट्रूड यांचा विवाह मानसोपचारतज्ज्ञ गेओर्ग श्टेर्त्स यांच्याशी झाला होता.

नंतरचे संशोधन

१९६०च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ यांनी वृद्धांची हयातीत मानसिक चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील चकत्या मोजल्या. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चकत्यांची संख्या आणि स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांचा संबंध दिसून आला. १९७६ मध्ये अमेरिकी चेताविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी कमी वयातील आणि उतारवयातील हे विकार एकच असून तो मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, असे प्रतिपादन केले. अशा रीतीने वयाची सीमारेषा पुसली गेली आणि अल्झायमर यांनी १९११ मध्ये व्यक्त केलेले मत वेगळ्या अर्थाने खरे ठरले. दोन्ही विकार एकच होते, परंतु म्हातारपणाचा अटळ परिणाम मानला गेलेला विकारही रोगच होता.

१९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी या आजारातील अमिलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे केले. चकत्या मुख्यतः याच प्रथिनाच्या असतात. गुंते टाऊ या प्रथिनाचे असल्याचेही त्याच दशकात निश्चित झाले. १९९१ मध्ये हाइको ब्राक आणि एफा ब्राक यांनी गुंते मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतात हे दाखविले. त्यांचा आरंभ कानशिलाच्या आतल्या बाजूस, हिप्पोकॅम्पस या भागाला लागून असलेल्या बाह्यकात होतो. तेथून ते हिप्पोकॅम्पसमध्ये आणि अखेरीस उर्वरित बाह्यकात पसरतात. वेगवेगळ्या ठिकाणी साठविलेली चेहरा, नाव, स्थळ, वेळ यांसारखी माहिती एका अनुभवात बांधणे हे हिप्पोकॅम्पसचे मुख्य कार्य मानले जाते. त्यामुळे या आजारात साहचर्य स्मृती इतक्या लवकर का ढासळते, याचा उलगडा होतो.

वार्धक्य आणि साहचर्य स्मृती

अल्झायमर फ्रांकफुर्ट येथे मेंदूचे छेद पाहत होते, त्याच सुमारास स्मृतीच्या मापनाचे शास्त्रही आकार घेत होते. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरील प्रयोग प्रसिद्ध केले. १८९०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी रंग आणि अंक यांच्या जोड्या दाखवून त्यांतील एकावरून दुसरे आठवावयास सांगण्याची पद्धत वापरली. जोड्या लक्षात ठेवण्याची ही चाचणी आजही स्मृतीच्या तपासणीत वापरली जाते.

अशा चाचण्यांतून निरोगी वार्धक्याचे एक वैशिष्ट्य स्पष्ट झाले आहे. एखादा शब्द किंवा चेहरा पूर्वी पाहिला होता की नाही, हे निरोगी वृद्धांना तरुणांइतकेच नाही, तरी बऱ्यापैकी ओळखता येते. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर होता किंवा कोणत्या चेहऱ्याचे नाव काय होते, हे सांगताना मात्र त्यांची अडचण अधिक होते. ओळखीचा माणूस समोर येतो, चेहरा पटतो, पण नाव ओठांवर येत नाही, हा अनुभव त्याचेच उदाहरण होय. थोडा अधिक वेळ मिळाल्यास किंवा दोन गोष्टींना जोडणारी अर्थपूर्ण कल्पना मनात योजल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते.

जिवंत मेंदूच्या कार्याचे चित्रण शक्य झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. काही स्मृतिकार्यांत तरुणांच्या मेंदूचा कपाळामागील भाग प्रामुख्याने एका बाजूस सक्रिय होतो, तर वृद्धांत तो दोन्ही बाजूंस सक्रिय झालेला दिसतो. ही झीज भरून काढण्याची मेंदूची धडपड आहे की कामाची नेमकी वाटणी सैल झाल्याचे लक्षण आहे, याविषयी संशोधकांत एकमत नाही. अल्झायमरच्या आजारापूर्वीच्या सौम्य अवस्थेत हिप्पोकॅम्पसची सक्रियता प्रसंगी वाढलेली आढळते आणि आजार बळावल्यावर ती घटते. अधिक सक्रियता म्हणजे अधिक चांगली स्मृती, असे सरळ समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

निरोगी विसराळूपणा आणि आजार यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. निरोगी वृद्धास विसरलेले नाव मागाहून किंवा थोड्या सूचनेने आठवते आणि दैनंदिन व्यवहार अबाधित राहतात. आजारात नवी माहिती मुळातच साठविली जात नसल्याने सूचनेचाही फारसा उपयोग होत नाही, आणि परिचित कामेही अवघड होत जातात. चकत्या असूनही अखेरपर्यंत ज्यांची स्मृती शाबूत राहिली, असे वृद्धही आढळले आहेत. अल्झायमर यांना दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूने पाडलेले कोडे या स्वरूपात आजही कायम आहे.

वारसा

डिसेंबर १९९५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ कॉनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फ्रांकफुर्ट येथे आउगुस्टे डेटर यांची हरवलेली रुग्णपत्रिका सापडली. अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील नोंदी त्यामुळे प्रथमच सर्वांसमोर आल्या. त्यानंतर म्युनिक येथे त्यांच्या दोन्ही प्रसिद्ध रुग्णांच्या मेंदूछेदांच्या काचपट्ट्याही मिळाल्या. नव्याने केलेल्या तपासणीत अल्झायमर यांची निरीक्षणे अचूक असल्याचे आढळले. आउगुस्टे यांच्या मेंदूत चकत्या व गुंते दोन्ही होते, तर दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूत केवळ चकत्याच होत्या.

मार्क्टब्राइट येथील त्यांच्या जन्मघराचे स्मारक-संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे. २१ सप्टेंबर हा दिवस जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. मराठीत 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण वयाबरोबर बुद्धी जाणारच असे गृहीत धरते. स्मृतिभ्रंश हा वयाचा दोष नसून आजार आहे, ही जाणीव मराठी समाजात रुजविण्यास ज्या कलाकृतींनी हातभार लावला, त्यांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाचा समावेश होतो. या चित्रपटात अल्झायमरग्रस्त संस्कृत पंडिताची भूमिका मोहन आगाशे यांनी केली असून ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत.